आवाज नेमका कुठे फुटतो? सांगलीतील एका गिटारवादकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीच्या विश्रामबाग भागात राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका गिटारवादकाचे आहे. ते घरी गिटारचे वर्ग घेतात, लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात वाजवतात आणि रविवारी मिरजेच्या एका चर्चमध्ये उपासनेला साथ करतात. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. माझा या प्रकरणाशी संबंध त्या ऑर्केस्ट्राचा ध्वनियंत्रक म्हणून आला, आणि आरंभीच्या काही चुकांत माझाही वाटा होता, हे आधीच नमूद करतो.

त्यांच्याकडे तीन सिंगल-कॉइल पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्यांची) गिटार आणि पाच वर्षांपूर्वी पुण्याहून जुना घेतलेला १५ वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, होता. त्यात १२एएक्स७ जातीच्या तीन प्रीॲम्प ट्यूब (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या), आउटपुटला, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, ईएल८४ ची जोडी आणि १२ इंची एक स्पीकर, अशी सर्वसाधारण रचना होती. या गिटारवादकांना, म्हणजे सरांना, हवा असलेला आवाज त्यांनी मला एकदा चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या समजावला तो असा: हलक्या हाताने छेडले तर स्वर नितळ राहावा, जोर दिला की त्याच्या कडेला बारीक खर उमटावी, आणि हात सैल सोडताच ती खर विरून स्वर पुन्हा नितळ व्हावा. गिटारवादक याला ब्रेकअप म्हणतात. वर्गातली मुले हा शब्द ऐकून एकमेकांकडे बघून हसतात, म्हणून सर ‘आवाज फुटणे’ असेच म्हणतात. आम्हा साउंडवाल्यांच्या बोलीत ‘फाटणे’ हा दोष असतो. सरांचे ‘फुटणे’ मात्र कंठ फुटण्याच्या जातीचे आहे, आणि या दोन क्रियापदांमधले अंतर शोधण्यात आमचे जवळजवळ आठ महिने गेले.

अडचण

कॉम्बोचा मास्टर (प्रीॲम्पनंतरचा, एकूण मोठेपणा ठरवणारा नॉब) पूर्ण उघडा ठेवून व्हॉल्यूम साडेपाचच्या आसपास नेला की हवा तो आवाज मिळत असे, पण तो मोठा येत असे. किती मोठा, याचा हिशेब सोपा आहे. कॉम्बोत असलेल्या ग्रीनबॅक प्रकारच्या स्पीकरची क्षमता १ वॅटला १ मीटरवर ९८ डेसिबल अशी दिलेली असते. १५ वॅटला त्यात सुमारे १२ डेसिबलची भर पडून आकडा ११० पर्यंत जातो. अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर हे शक्य नव्हते. कार्यालयातील लग्नात हाच आवाज गायिकेच्या माइकमध्ये शिरे आणि मला तिचा आवाज वर काढता येत नसे. चर्चमध्ये तर उंच छतामुळे गिटारच तेवढी ऐकू येई.

व्हॉल्यूम चढवून मास्टर उतरवला की मोठेपणा आटोक्यात येई, पण स्वर डबीत कोंडलेल्या माशीसारखा होई. याचे कारण असे की ट्यूब ॲम्पमध्ये आवाज एका जागी फुटत नाही. प्रीॲम्पच्या ट्यूबमध्ये, आउटपुटच्या जोडीला सिग्नल वाटून देणाऱ्या फेज इन्व्हर्टरमध्ये, आउटपुट ट्यूबमध्ये आणि काही प्रमाणात स्पीकरच्या कागदी शंकूत, अशा निरनिराळ्या ठिकाणी तो थोडाथोडा फुटतो. मास्टर उतरवल्यावर हे सगळे काम एकट्या प्रीॲम्पवर पडते. १२एएक्स७ चा वर्धनांक १०० असल्यामुळे तो हे काम करतो खरा, पण त्याने घडवलेली खर निराळी असते.

दुसरे गाऱ्हाणे जरा गूढ होते. दोन वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातील एका गावच्या जत्रेत याच कॉम्बोचा आवाज व्हॉल्यूम केवळ चारवर असताना असा काही लागला होता की सर त्याची आठवण वारंवार काढत. “त्या रात्रीचा आवाज परत आला नाही,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. ट्यूब तेव्हा ताज्या होत्या, हवा कोरडी होती, मोकळे मैदान होते, अशी कारणे ते स्वतःच देत. मी त्याकडे कलावंताची हळहळ म्हणून दुर्लक्ष केले, आणि तीच माझी पहिली चूक होती.

पहिली तुलना आणि तिच्यातील गफलत

सरांनी आधी नवा ॲम्प घेण्याचे ठरवले आणि चाळीस हजारांची तरतूद केली. त्यांचा अभ्यास कमी नव्हता. मार्शलचा १९६२ चा जेटीएम४५ हा मुळात फेंडर बेसमनच्या आराखड्यावरून उभा राहिला, व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ असतात, फेंडर डिलक्स रिव्हर्बमध्ये दोन ६व्ही६ असतात आणि रोलंडचा १९७५ चा जेसी-१२० ट्यूबशिवाय चालतो व मुळातच नितळ राहण्यासाठी बनवला आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. या माहितीच्या बळावर ते पुण्याला गेले आणि एका दुकानात दीड तासात चार ॲम्प वाजवून ३० वॅटच्या एका ॲम्पवर त्यांनी मन ठरवले. मी फोनवर विचारले, “सर, चारही सारख्याच मोठ्या आवाजात ऐकले का?” उत्तर आले नाही. प्रत्येक ॲम्पचा व्हॉल्यूम त्या त्या ॲम्पला शोभेल तिथे ठेवला होता आणि आवडलेला ॲम्प चौघांत सर्वांत मोठ्याने वाजत होता. अर्धा-एक डेसिबल जास्त असलेला आवाज कानाला मोठा न वाटता अधिक भरीव, अधिक चांगला वाटतो. तुलनेतली ही सर्वांत जुनी फसगत आहे. शिवाय १५ वॅट जास्त वाटतात म्हणून ३० वॅट घेणे, हे गळक्या नळावर मोठी टाकी बसवण्यासारखे झाले असते.

सर ॲम्प न घेता परतले, पण रिकाम्या हाताने नव्हे. एफईटीवर (एका जातीच्या ट्रान्झिस्टरवर) चालणारा, जुन्या ट्यूब ॲम्पची नक्कल करणारा प्रीॲम्प पेडल त्यांनी येताना घेतला. तो कॉम्बोच्या पुढच्या इनपुटला जोडल्यावर आवाज गढूळ आणि बसका झाला. यात पेडलचा दोष नव्हता. पेडल हा स्वतःच एक संपूर्ण प्रीॲम्प असल्यामुळे त्याच्यामागे कॉम्बोचा प्रीॲम्प दुसऱ्यांदा लागत होता आणि दोन्हींचे टोन-सर्किट मधले स्वर आपापल्या परीने कापत होते. अशा पेडलची जागा ॲम्पच्या इफेक्ट्स लूपच्या रिटर्नला, म्हणजे प्रीॲम्प टाळून थेट पुढच्या टप्प्यात नेणाऱ्या जोडणीला, असते, आणि या कॉम्बोला लूपच नव्हता. ऑर्केस्ट्रातील कीबोर्डच्या ॲम्पला जोडून पाहिले, तर त्याच्या ट्वीटरमुळे खर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी ऐकू आली. गिटारचा स्पीकर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या पुढे आपोआप मंद होतो आणि ही चाळणीच आपण ‘ट्यूबची ऊब’ म्हणून ऐकत असतो, हे त्या दिवशी आम्हा दोघांना नीट कळले.

दुसरी तुलना

यानंतर मी तुलनेचे नियम ठरवले. मिरजेत ऑर्केस्ट्राच्या सरावाची खोली आहे. तिथे एकाच स्पीकरवर पाच मांडण्या आळीपाळीने ऐकायच्या, प्रत्येकीचा आवाज स्पीकरपासून १ मीटरवर मीटरने ९२ डेसिबलला जुळवायचा आणि सरांनी एकदाच वाजवलेला तुकडा लूपरमधून (तुकडा साठवून पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पेडलमधून) प्रत्येकीला द्यायचा, म्हणजे हाताचा फरक उरणार नाही. पहिल्या मांडणीत कॉम्बो साडेपाचवर आणि त्याच्यापुढे उसना आणलेला ॲटेन्युएटर, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून शक्ती कमी करणारी पेटी, होता. दुसरीत तोच कॉम्बो मास्टर उतरवून, तिसरीत पूर्ण व्होल्टेजवर ट्यूब चालवणारा उसना प्रीॲम्प, चौथीत सरांचा एफईटी पेडल आणि पाचवीत एक डिजिटल मॉडेलर (ॲम्पची संगणकीय नक्कल करणारे यंत्र) होता. शेवटच्या तिन्हींना ट्रान्झिस्टरचा साधा पॉवर ॲम्प दिला होता.

परीक्षक म्हणून सरांनी आपल्या परिचयाचे एक सतारीचे कारागीर, चाचा, बोलावले. मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याचा व्यवसाय पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. चाचांना इलेक्ट्रिक गिटारची आवड नाही, पण घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस चालवून जवारी काढण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. जवारीत तारेने घोडीच्या पृष्ठभागाला इतके अलगद घासून जावे लागते की स्वर फाटू नये, पण त्याला झंकाराची झालर यावी. सरांचा शोध याहून फार वेगळा नव्हता. चाचा भिंतीकडे तोंड करून बसले, मी मांडण्या बदलत गेलो.

दुसरी मांडणी ऐकताच ते म्हणाले, “ही बंद आहे.” पहिली आणि तिसरी त्यांना खुली वाटली, त्यातही तिसरी किंचित सरस. पाचवीत त्यांना खोट सापडली नाही आणि गोडीही सापडली नाही. सर्वांत उपयोगी शेरा चौथीवर मिळाला. त्यांनी तोच तुकडा तीनदा ऐकला, बोट वर करून शेवटच्या स्वराची शेपटी दाखवली आणि म्हणाले, “इथं बघा सर, खर विरत नाही, तुटते.” मी पुन्हा कान दिला. स्वर मावळताना एका टप्प्यावर खर बटण बंद केल्यासारखी थांबत होती आणि मागे नुसता नितळ स्वर उरत होता. आम्ही सगळे स्वराची सुरुवात ऐकत होतो, तर जवारी काढणारा माणूस स्वराचा शेवट ऐकतो.

लूपरवर तिसरी मांडणी जिंकली आणि मी निर्णय झाला असे समजलो. दुसऱ्या दिवशी सरांनी लूपर काढून हाताने वाजवले आणि निकाल फिरला. पहिल्या मांडणीत जोराचा घाव किंचित दबून मग उमलत होता. या कॉम्बोच्या ईएल८४ ट्यूब कॅथोड-बायसवर आहेत, म्हणजे त्यांची कामाची पातळी (बायस) त्यांच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावरूनच ठरते, त्यामुळे ओढ वाढली की बायस सरकतो आणि स्वर दबतो. तिसरीमागे ट्रान्झिस्टर असल्यामुळे ती हाताला असा प्रतिसाद देत नव्हती. शिवाय लूपर मध्ये असताना गिटारच्या व्हॉल्यूम नॉबचा परिणाम तपासताच येत नाही, आणि सर तर अर्धी कामगिरी त्या नॉबवर करतात. लूपरने श्रोत्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते, वादकाच्या नव्हे.

पर्याय

५ वॅटचा छोटा ट्यूब ॲम्प हा सर्वांनी सुचवलेला पर्याय होता. १५ वरून ५ वॅटला आल्याने फक्त ४.८ डेसिबल कमी होतात, म्हणजे ११० चे १०५. घरी तोही चालला नसता, म्हणून तो बाद झाला. अमेरिकेतील भाच्यामार्फत जुना फेंडर मागवण्याचा विचार होता. पण तिथला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, मात्र आपल्या विजेचे ५० हर्ट्झ त्याने ६० होत नाहीत, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो. पन्नास वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरवर हा प्रयोग करण्याची कोणाचीच तयारी नव्हती. उरले दोन मार्ग. एक, तिसरी मांडणी विकत घेणे, ज्यात प्रीॲम्पबरोबर पॉवर ॲम्प आणि वेगळा कॅबिनेट लागणार आणि तरतूद ओलांडणार. दुसरा, आहे तो कॉम्बो ठेवून ॲटेन्युएटर घेणे. दुसऱ्याकडे कल झुकला होता, पण सरांचे समाधान होत नव्हते, कारण जत्रेतली ती रात्र अजून हिशेबात बसत नव्हती.

जत्रेच्या रात्रीचा शोध

सांगलीत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. ईएल८४ त्यांच्या ओळखीची, कारण पूर्वीच्या रेडिओग्रॅमच्या आउटपुटला ती असे. त्यांनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला: “जत्रेत जनरेटर होता का?” होता. काकांचा तर्क असा की जनरेटरवर व्होल्टेज उतरले असेल, ट्यूबना मिळणारे उच्च व्होल्टेज त्या प्रमाणात घटले असेल आणि ॲम्प लवकर फुटला असेल. तर्क इतका सुबक होता की आम्ही तो लगेच मानला.

काकांनी टेबलावर डिमरस्टॅट (विजेचे व्होल्टेज कमी-जास्त करणारे यंत्र) ठेवला, कॉम्बोची पाठ उघडली आणि डावा हात खिशात घालून उजव्या हाताने मीटरची पिन लावली. एवढ्या व्होल्टेजपुढे दोन्ही हात आत घालायचे नाहीत, हा त्यांचा जुना नेम. २३० व्होल्टला आतले व्होल्टेज ३२० होते. डिमरस्टॅट २०५ वर आणल्यावर ते २८५ झाले. आवाज खरोखर मऊ लागला, पण स्कोपवर (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या पडद्यावर) पाहिले तर नितळपणाची मर्यादा १ डेसिबलच्या आसपासच घटली होती. व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात शक्ती घटते, त्यामुळे याहून अधिक अपेक्षाही नव्हती. साडेपाच आणि चार यांतले अंतर एवढ्याने भरून निघत नव्हते. शिवाय २०५ वर ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी ५.६ व्होल्टच मिळतात, तेव्हा मुद्दाम तसे चालवत राहणेही काकांना मान्य नव्हते.

उलगडा झाला तो सरांच्या पत्नीच्या फोनमधून. त्यांनी त्या कार्यक्रमाचा एक फोटो शोधून काढला. सरांच्या गळ्यात त्यांची नेहमीची गिटार नव्हतीच. त्या दिवशी तार तुटल्यामुळे त्यांनी एका विद्यार्थ्याची हंबकर (दुहेरी वेटोळ्यांच्या) पिकअपची गिटार घेतली होती आणि दोन वर्षांत ही गोष्ट ते साफ विसरले होते. हंबकर अधिक जोराचा आणि मधल्या पट्टीत भरीव सिग्नल देतो, त्यामुळे व्हॉल्यूम चारवर असतानाही पुढच्या ट्यूबना तेवढाच धक्का बसत होता. नॉबवरचा आकडा कमी होता, आवाज कमी नव्हता. मोकळ्या मैदानात तो मोठेपणा जाणवला नाही, इतकेच. फोटो पाहून सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काकांनी चहा मागवला.

प्रत्यक्ष कृती

हे कळल्यावर पुढचे निर्णय लवकर झाले. काकांनी सर्किट तपासताना आउटपुटकडून मागे येणारा निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे विकृती दाबण्यासाठी उलटा परतवलेला सिग्नल, दाखवला. असा फीडबॅक असलेला ॲम्प बराच वेळ नितळ राहतो आणि मग एकदम फुटतो. व्हॉक्स एसी३० मध्ये तो नसल्यामुळे तिथे फुटणे हळूहळू येते. काकांनी ती वायर तात्पुरती सोडवली आणि सरांनी दोन-तीन स्वर वाजवून चाचांना फोन लावला. चाचांनी फोनवरच “आता खुली झाली” असे सांगितले. फोनच्या स्पीकरवरून दिलेल्या या निकालाला शास्त्रीय किंमत नाही, पण आम्ही तो ग्राह्य धरला. वायरच्या जागी मागच्या बाजूला एक स्विच बसवला.

त्यानंतर कॉम्बोच्या ८ ओहमशी जुळणारा ॲटेन्युएटर घेतला. हंबकरचा धक्का मिळवण्यासाठी सरांकडे पडून असलेला ट्यूब स्क्रीमर प्रकारचा (सिग्नल वाढवून खर आणणारा) पेडल उपयोगी पडला. त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवली की तो स्वतः फारसा न फुटता ७२० हर्ट्झच्या आसपासची मधली पट्टी उचलून पुढच्या ट्यूबला ढकलतो.

पहिल्याच कार्यक्रमात एक अपघात थोडक्यात टळला. ॲटेन्युएटरची केबल घरी राहिली म्हणून सरांनी कॉम्बो आणि ॲटेन्युएटर यांच्यामध्ये गिटारची केबल लावली होती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते. ती तापून सर्किट तुटले असते तर ट्यूब ॲम्प लोडशिवाय चालला असता आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असता. ॲम्प चालू करण्याआधी माझी नजर तिकडे गेली, हा केवळ योग. आता दोन्ही केबलींना वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आहेत.

निष्पत्ती

कार्यालयात आणि चर्चमध्ये ॲटेन्युएटर उणे ९ डेसिबलवर असतो, म्हणजे स्पीकरसमोरचा आकडा १०१ च्या घरात येतो आणि मला गायिकेचा माइक मोकळा मिळतो. मोकळ्या मैदानात तो वापरावा लागत नाही. उणे १२ च्या खाली मात्र स्वर निस्तेज होतो. कमी आवाजात मानवी कानाला खर्जाची आणि टिपेची जाण कमी असते आणि स्पीकरही पुरेसा हलत नाही, त्यामुळे याला उपाय नाही. म्हणून घरासाठी ॲटेन्युएटरचा नाद सोडला. तिथे घाईत घेतलेला एफईटी पेडलच कॅबिनेट सिम्युलेशनसह (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणाऱ्या सोयीसह) हेडफोनवर चालतो. शेपटीला तुटणारी खर अजून आहे. ती सरांना ऐकू येते, विद्यार्थ्यांना येत नाही.

काय वेगळे करता आले असते

सरांच्या जत्रेच्या आठवणीची पहिल्याच आठवड्यात छाननी व्हायला हवी होती. कोणता ॲम्प घ्यावा हे विचारण्याआधी, आवडलेल्या आवाजाच्या वेळी गिटार कोणती होती, जागा कोणती होती, आवाज किती मोठा होता आणि वीज कुठून येत होती, एवढे विचारले असते तर पुण्याची खेप आणि पेडलचा खर्च टळला असता. लूपरची आणि हाताची, या दोन्ही चाचण्या एकाच दिवशी घ्यायला हव्या होत्या. मी पहिलीवरच विसंबलो, आणि सरांनी हट्टाने दुसरी केली नसती तर तरतुदीच्या दीडपट खर्च झाला असता. फीडबॅकची वायर सोडवण्याचा प्रयोग सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत शेवटी झाला, कारण कॉम्बोची पाठ उघडण्यास आम्ही दोघे घाबरत होतो. आमच्यापुरती ती भीती योग्यच होती, पण काकांचे दुकान सरांच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

एक प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. सरांच्या मते आता सरळ हंबकरची गिटार घ्यावी आणि पेडल काढून टाकावा. मी त्यांना विद्यार्थ्याची तीच गिटार आठवडाभर मागून आणून आधी मीटर लावून ऐकायला सांगितले आहे. विद्यार्थी सध्या परीक्षेत आहे.